खिडकीतील दाणापेटी : कार्यानुभव व परिसर अभ्यास यांचा एक संयुक्त पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

आपल्याकडील मूल पहिले घास घेते ते चिऊ-काऊच्या नावाने. एक घास चिऊचा, एक घास काऊचा असे म्हणत आई त्यास भरविते आणि मूल अंगणाकडे पाहत पाहत जेवते. तेच मूल पुढे शाळेत येते, तेव्हा पुष्कळदा त्याच्या खिशात गलोल असते. मधल्या काळात त्याचे पक्ष्यांकडील लक्ष कमी झालेले नसते. नेम धरण्यासाठी तर पक्षी फारच बारकाईने पाहावा लागतो. या लक्षाला योग्य असे काम मात्र कोणी दिलेले नसते. ते देणे शिक्षकाच्या हाती आहे.

प्रस्तुत पाठात शाळेच्या खिडकीस बाहेरून लावावयाची एक साधी लाकडी दाणापेटी विद्यार्थ्यांकडून कशी करवून घ्यावी, हे सांगितले आहे. काम अवघड नाही. गावच्या सुताराकडे उरलेल्या फळ्या, मूठभर चुका आणि पाच-सहा तासिका एवढ्यात ते पुरे होते. तथापि प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटी तयार होण्यास एक आठवडा लागतो. ती चालविण्यास संपूर्ण वर्ष लागते. जी पेटी लावली आणि विसरली, तिच्यात ओला दाणा कुजतो, विष्ठा साचते आणि अन्नाच्या आशेने येणाऱ्या पक्ष्यांस ती रोग देते. अशी पेटी लावण्यापेक्षा न लावलेली बरी. यास्तव या लेखात करवतीला जेवढी जागा दिली आहे, तेवढीच झाडणीला व वहीलाही दिली आहे.

१. पाठाचे हेतू

(१) सेंटिमीटरच्या मापाने आखणी करून लाकूड कापण्याचा व जोडण्याचा अनुभव विद्यार्थ्यांस देणे.
(२) परिसरातील नित्य दिसणारे पक्षी रूपावरून, चोचीवरून व खाण्याच्या रीतीवरून ओळखावयास शिकविणे.
(३) जे दिसले तेच आणि तेवढेच लिहिण्याची सवय लावणे.
(४) अंगावर घेतलेले लहानसे काम दररोज, न चुकता पार पाडण्याची शिस्त लावणे.

यांपैकी पहिला हेतू आठवड्यात साध्य होतो. उरलेले तीन हेच या पाठाचे खरे फळ होय.

२. खिडकीची निवड

फळीस हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्यांसह शाळेभोवती एक फेरी घालावी व खिडकी निश्चित करावी. निवड करताना पुढील बाबी विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्याव्यात.

पाऊस कोणत्या दिशेने येतो? आपल्याकडे पावसाळी वारे मुख्यतः नैर्ऋत्येकडून वाहतात. त्यामुळे दक्षिण व पश्चिम बाजूच्या खिडक्यांवर झड येते. पूर्वेची वा उत्तरेची खिडकी बरी.

मांजर कोठून येईल? पेटी जमिनीपासून निदान दीड मीटर उंच असावी आणि तिच्यापासून मांजराच्या उडीच्या टप्प्यात ओटा, कठडा वा आडवी फांदी नसावी. मात्र तीन-चार मीटरवर एखादे झाड वा दाट झुडूप असल्यास उत्तम. पक्षी आधी तेथे बसून चोहीकडे पाहतो, खात्री पटली म्हणजेच दाण्यावर येतो आणि शिक्रा दिसताच पुन्हा त्याच झुडपात शिरतो.

खिडकीस काच आहे काय? काचेत आकाशाचे व झाडांचे प्रतिबिंब पडते आणि पक्षी तीवर आपटतो. शक्य तर खिडकीची झडप उघडी ठेवावी. बंद ठेवणे भाग असल्यास काचेच्या बाहेरील अंगास पाच-पाच सेंटिमीटर अंतराने पांढऱ्या उभ्या रेघा ओढाव्यात.

खाली काय आहे? पेटीखाली विष्ठा व टरफले पडणारच. म्हणून पिण्याच्या पाण्याचा नळ, शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर, मुले जेवावयास बसतात तो ओटा आणि येण्या-जाण्याची वाट यांवर पेटी येऊ देऊ नये.

३. साहित्य व हत्यारे

साहित्य : सुमारे दीड सेंटिमीटर जाडीच्या कोरड्या फळ्या, दीड इंची चुका, जाड जस्ती तार, काचकागद, थोडे कच्चे जवसाचे तेल.

हत्यारे : करवत, हातोडी, रंधा, गिरमिट, गुण्या, मोजपट्टी, पेन्सिल.

लाकूड नवे विकत घेण्याचे कारण नाही. सुताराकडील आंब्याच्या वा सागाच्या तुकड्यांतून, मोडक्या बाकाच्या फळ्यांतून काम भागते. रंग दिलेली, डांबर वा वाळवीचे औषध लावलेली फळी मात्र घेऊ नये. गावच्या सुतारास एका तासिकेसाठी वर्गात बोलवावे. गुण्या कसा धरावा व करवत कशी चालवावी, हे त्याच्या हातून पाहणे मुलांना अधिक उपयोगी पडते आणि त्याच्या कसबास शाळेत मान मिळतो.

करवत व गिरमिट ६ वी-७ वीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखत वापरावीत. ५ वीच्या विद्यार्थ्यांकडे आखणी, काचकागदाने घासणे, तेल लावणे व दाणा निवडणे ही कामे द्यावीत. एका वेळी एकाच मुलाच्या हाती करवत असावी आणि फळी बाकास घट्ट धरलेली असावी.

४. मापे व आखणी

पेटीचे भाग केवळ सात आहेत.

(अ) तळफळी : ३० × २० सेंमी — १
(आ) बाजूच्या फळ्या : रुंदी २० सेंमी; एका कडेची उंची २४ सेंमी, दुसऱ्या कडेची १८ सेंमी — २
(इ) पट्ट्या : ३३ × ३ सेंमी — ३
(ई) छप्पर : ३७ × २८ सेंमी — १

फळ्यावर आकृती काढून मापे लगेच सांगून टाकू नयेत. ती विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावीत. उदाहरणार्थ, तळफळी ३० सेंमी लांब असता पट्टी ३३ सेंमी का? बाजूच्या फळ्या तळफळीच्या दोन्ही टोकांना बाहेरून बसतात. प्रत्येकीची जाडी दीड सेंमी. म्हणून ३० + १.५ + १.५ = ३३. मिळालेली फळी एक सेंमी जाडीची असेल, तर पट्टी ३२ सेंमीची घ्यावी लागेल. हे उत्तर मुलाने स्वतः शोधले, की माप हे पुस्तकातून येत नसून वस्तूतून येते, हे त्यास कळते.

बाजूच्या दोन तिरक्या फळ्यांची आखणी हा या कामातील सर्वांत मनोरंजक भाग होय. २० सेंमी रुंद व ४२ सेंमी लांब अशी एक फळी घ्यावी. तिच्या वरच्या कडेवर डाव्या टोकापासून २४ सेंमीवर खूण करावी. खालच्या कडेवर त्याच टोकापासून १८ सेंमीवर खूण करावी. दोन्ही खुणा सरळ रेघेने जोडून त्या रेघेवर करवत चालवावी. एकाच कापात दोन तुकडे होतात. उजव्या तुकड्याची वरची कड ४२ − २४ = १८ सेंमी आणि खालची कड ४२ − १८ = २४ सेंमी भरते. तुकडा अर्धा वळसा फिरवून पहिल्यावर ठेवला, की दोन्ही तंतोतंत जुळतात. कापण्यापूर्वी “दोन्ही तुकडे सारखे होतील काय?” असा प्रश्न विचारावा, हात वर करवून मते घ्यावीत आणि मगच कापावे. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळही येथेच शिकविता येते. दोन तुकडे मिळून ४२ × २० = ८४० चौ. सेंमी, म्हणून एकाचे ४२० चौ. सेंमी. सूत्र पाठ करण्यापूर्वी ते हातात आलेले असते.

५. जोडणी

(१) तळफळीच्या चार कोपऱ्यांजवळ व मध्यभागी गिरमिटाने सुमारे अर्ध्या सेंटिमीटरची पाच छिद्रे पाडावीत. आत आलेले पावसाचे पाणी यांतून निथळते.

(२) बाजूच्या फळ्या तळफळीच्या दोन्ही टोकांना बाहेरून लावाव्यात. दोन्हींची उंच कड एकाच बाजूस, म्हणजे खिडकीकडे यावी. प्रत्येकीस तीन चुका पुरेत. चूक ठोकण्यापूर्वी बारीक छिद्र पाडून घ्यावे, नाही तर फळी कडेला चिरते.

(३) एक पट्टी पुढील बाजूस तळाशी लावावी. तिची खालची कड तळफळीच्या खालच्या अंगाशी जुळवावी, म्हणजे वर दीड सेंमीचा काठ राहतो व दाणा सांडत नाही. पक्ष्यास बसावयासही हाच काठ उपयोगी पडतो.

(४) दुसरी पट्टी मागील बाजूस तळाशी व तिसरी मागील बाजूस वरच्या टोकास लावावी. मधली जागा मोकळी राहील. याच मोकळ्या जागेतून मुलांना आतून पाहता येते आणि गजांतून हात घालून दाणा टाकता येतो.

(५) छप्पर वर ठेवून त्याची मागील कड वरच्या पट्टीशी जुळवावी. दोन्ही बाजूंस दोन-दोन सेंमी व पुढे सुमारे चार सेंमी वळचण राहील. छपराचा उतार खिडकीपासून दूर जातो. त्यामुळे पाणी भिंतीवर येत नाही. २८ सेंमी रुंदीची फळी न मिळाल्यास दोन अरुंद फळ्या घेऊन वरची खालचीवर कौलाप्रमाणे दोन सेंमी चढवावी.

(६) सर्व कडा काचकागदाने घासून गुळगुळीत कराव्यात. बाहेरील अंगास व छपरास जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि पेटी आठ दिवस सावलीत वाळवावी. आतील अंगास तेल वा रंग लावू नये.

(७) वरच्या पट्टीस दोन्ही टोकांपासून साडेसहा सेंमीवर एकेक छिद्र पाडून त्यांत जाड तारेच्या आकड्या ओवाव्यात व त्या खिडकीच्या आडव्या गजास अडकवाव्यात. खालची पट्टीही तारेने गजास बांधावी. नंतर शिक्षकांनी स्वतः पेटी खाली ओढून पाहावी. ती हलता कामा नये.

पेटी लावल्यावर पहिले काही दिवस एकही पक्षी येणार नाही, असे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पक्षी नव्या वस्तूस भितात. छपरावर थोडे दाणे पसरून ठेवावेत व वाट पाहावी. या वाट पाहण्याचीही नोंद करावी. तिच्याविषयी पुढे सांगितले आहे.

६. दाणा व पाणी

ज्वारी, बाजरी, राळा, भादली, तांदळाची कणी ही धान्ये चालतात. बुलबुल व साळुंखी यांसाठी पिकलेल्या केळ्याचा वा पपईचा लहानसा तुकडा ठेवावा व तो त्याच दिवशी काढून टाकावा.

पुढील वस्तू कदापि ठेवू नयेत : मीठ लावलेले वा तळलेले पदार्थ, शेव-चिवडा, आंबलेला भात, बुरशी आलेले धान्य. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत विष तयार होते, ते डोळ्यांस दिसत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र चांगल्या हेतूने येतो. शेतकऱ्यांच्या घरी पेरणीनंतर थोडे बियाणे पिशवीच्या तळाशी उरते. ते कीडनाशक वा बुरशीनाशक लावलेले असते आणि ओळखू यावे म्हणून गुलाबी, तांबड्या वा निळ्या रंगाने रंगविलेले असते. “घरी पडूनच होते, म्हणून चिमण्यांसाठी आणले,” असे म्हणून एखादे मूल ते आनंदाने शाळेत घेऊन येईल. असे बियाणे पक्ष्यांस विषारी असते व मुलाच्या हातासही अपायकारक असते. यास्तव आणलेला प्रत्येक दाणा आधी शिक्षकांनी पाहावा, मगच डब्यात टाकावा. मुलास न रागावता कारण समजावून सांगावे आणि तो निरोप त्याच्याबरोबर घरी पाठवावा. या एका गोष्टीने पाठ शाळेच्या कुंपणाबाहेर जातो.

दररोज सुमारे ५० ग्रॅम दाणा पुरे. सहा दिवसांच्या आठवड्यास ३०० ग्रॅम झाले. ३० मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्यास आठवड्याला केवळ १० ग्रॅम येतात. तरीही घरून धान्य आणण्याची सक्ती कोणासही करू नये. ज्या घरी धान्य मोजून शिजते, तेथील मुलाने पेटी झाडावी, पाणी बदलावे. त्याचा वाटा इतरांइतकाच धरला जावा व तसे वर्गात उघड बोलावे.

सायंकाळी दाणा उरला तर दुसऱ्या दिवशी कमी टाकावा. जास्त दाण्याने जास्त पुण्य लाभते, ही समजूत मुलांत रुजू देऊ नये. फार दाणा टाकला म्हणजे पारव्यांचे थवे जमतात व त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे माणसास बाधते. मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न याच कारणाने २०२५ साली न्यायालयापुढे आला होता. पारवे येऊ लागल्यास पेटीच्या पुढील उघड्या बाजूस पाच-पाच सेंमी अंतराने बांबूच्या उभ्या कामट्या लावाव्यात. चिमणी आत शिरते, पारवा शिरत नाही.

दाण्यापेक्षाही उन्हाळ्यात पाण्याची गरज अधिक. तीन-चार सेंमी खोलीचे मातीचे परळ पेटीपासून थोडे दूर, सावलीत ठेवावे व मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्यास उभे राहता येते. पाणी रोज बदलावे व परळ घासावे. साचलेल्या पाण्यात डासांची वाढ होते, हे आरोग्याच्या पाठात शिकविलेले येथे प्रत्यक्षात आणता येते.

७. स्वच्छता व आरोग्य

रोज सकाळी जुना दाणा व टरफले झाडून काढावीत. आठवड्यातून एकदा पेटी उतरवून जुन्या ब्रशाने कोरडी घासावी, कढत पाण्याने धुवावी व उन्हात पूर्ण वाळवूनच परत लावावी. घासताना नाका-तोंडास रुमाल बांधावा. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. झडीच्या दिवसांत दाणा अगदी थोडा, लगेच संपेल इतकाच टाकावा.

पिसे फुगवून मलूल बसलेला, डोळे सुजलेला वा माणूस जवळ जाऊनही न उडणारा पक्षी दिसल्यास पेटी उतरवावी, धुवावी व निदान दोन आठवडे बंद ठेवावी. मेलेल्या पक्ष्यास मुलांनी हात लावू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली होती. भारतातील या रोगाची ती पहिली नोंद होय. तेव्हापासून अशा बातमीकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरत नाही. परिसरात साथीची वार्ता असेल, तर ती ओसरेपर्यंत पेटी बंद ठेवणे हेच शहाणपण. बंद का केली, हेही मुलांनी वहीत लिहावे.

८. निरीक्षण व नोंद

लहान वयात गलोल वा बंदूक हाती घेणारे सर्वच पुढे पक्ष्यांचे वैरी होतात, असे नाही. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) यांनी मुंबईत बालपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेत गेले. संस्थेचे मानद सचिव मिलर्ड यांनी त्या मुलास ओळख तर सांगितलीच, पण संस्थेचा पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखविला. तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात ती पडलेली चिमणीच आहे. शिक्षकांनी या प्रसंगातून आपल्यापुरते घ्यावयाचे ते एवढेच : गलोल काढून घेणे सोपे, तिच्या जागी काय द्यावयाचे, हे ठरविणे महत्त्वाचे.

आपण वही द्यावी. रोज ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ परिपाठानंतर, दोन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे खिडकीपासून थोडे मागे, न बोलता उभे राहावे व पुढील रकाने भरावेत : तारीख; वेळ; हवा (ऊन, ढग, पाऊस); पक्षी; एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या; काय खाल्ले; निरीक्षकांची नावे.

“एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या” हा रकाना नीट समजावून द्यावा. एक चिमणी येते, दाणा घेऊन जाते, पुन्हा येते. प्रत्येक खेपेस एक असे मोजत गेल्यास दोन चिमण्यांच्या वीस होतात. म्हणून एकाच क्षणी जास्तीत जास्त किती दिसल्या, तेवढाच आकडा लिहावा.

याहून महत्त्वाचे असे की, ज्या दिवशी कोणी आले नाही, त्या दिवशी “एकही नाही” असे लिहावे. मुलांची वृत्ती अशी असते की रिकामा रकाना त्यांना अपयश वाटतो. शिक्षकांना बरे वाटावे म्हणून ती एखादा बुलबुल लिहून मोकळी होतात. शिक्षकांनी शून्याच्या नोंदीचे कौतुक करावे. ओळख न पटल्यास “तपकिरी, चिमणीपेक्षा मोठा, शेपटी लांब” असे वर्णन लिहावे, अंदाजाने नाव लिहू नये.

अशा नोंदींना किंमत असते, हे मुलांना उदाहरणाने सांगता येईल. चिमण्या सर्वत्र नाहीशा होत चालल्या आहेत, असे आपण नेहमी ऐकतो. देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरांत चिमण्या कमी झाल्या असल्या, तरी एकंदर देशात त्यांची संख्या बहुतांशी स्थिर दिसते, असे त्यात आढळले. ऐकीव गोष्ट व मोजलेली गोष्ट यांत किती अंतर असते, हे यावरून दिसते. आपल्या गावात काय घडत आहे, याचे उत्तर मात्र त्या अहवालात नाही. ते आपल्याच वहीतून मिळावयाचे आहे, आणि वही खरी असेल तरच.

कोणते पक्षी येतील? चिमणी बहुधा पहिली. नराचे डोके राखी व गळा काळा असतो. मादी फिकट तपकिरी असते. होला दाणा पुष्कळदा जमिनीवर सांडलेलाच टिपतो. काळ्या डोक्याचा व शेपटीखाली लाल डाग असलेला बुलबुल फळांवर येतो. पिवळ्या चोचीची साळुंखी सर्व काही खाते. दयाळ व सातभाई हे मुख्यतः किडे टिपणारे. ते अंगणात दिसतील, पेटीत क्वचित. पुढील प्रश्न विचारून निरीक्षण सखोल करावे :

चिमणी दाणा सोलते की तसाच गिळते? होला काय करतो? (चिमणी जाड चोचीत दाणा फिरवून टरफल काढते, होला सबंध दाणा गिळतो व तो पोटातील पेषणीत बारीक खड्यांच्या साहाय्याने दळला जातो.)
साळुंखी आली म्हणजे चिमण्या काय करतात?
चिमणी चोचीत अळी धरून कोठे जाते?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. चिमणी स्वतः दाणे खात असली, तरी पिलांस ती मुख्यतः अळ्या व किडे भरविते. म्हणजे पेटी कितीही भरली तरी तिने पिले वाढत नाहीत. त्यांसाठी कुंपणाची झुडपे, परसातील भाजीपाला, औषधाची अनावश्यक फवारणी न केलेले शेत आणि घरटे बांधावयास घराची वळचण हवी. दाणापेटी हे पक्षिसंवर्धनाचे संपूर्ण साधन नव्हे, हे मुलांस स्पष्ट सांगावे. पेटी ही पाहण्याची खिडकी आहे.

येथेच एक सूचना : राघू, साळुंखी, मुनिया यांसारखे आपल्या देशातील रानपक्षी पकडणे वा पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. पेटीशी सलगी झालेला पक्षी धरण्याचा मोह कोणास होऊ देऊ नये.

९. अन्य विषयांशी समवाय

१९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी मांडलेल्या शिक्षणयोजनेत हातकामाभोवती इतर विषय गुंफण्याचा विचार होता. समवाय या नावाने तो आपल्या शिक्षकांच्या परिचयाचा आहे. या पेटीभोवती तो सहज साधतो.

गणित : महिन्याच्या नोंदींवरून स्तंभालेख काढणे, सरासरी काढणे, दाण्याचा हिशेब ठेवणे.
भाषा : आठवड्यातील एका नोंदीवरून पाच वाक्यांचे वर्णन, पक्ष्यांची गावात बोलली जाणारी नावे आजी-आजोबांकडून विचारून संग्रह करणे. एकाच पक्ष्याची दोन-तीन नावे मिळाली तर ती सर्व लिहावीत.
भूगोल : वारा, पाऊस व पेटीवर येणारे पक्षी यांचा संबंध.
चित्रकला : चोचींची तुलनात्मक रेखाटने.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली व सालिम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांस आहेत. त्या सप्ताहात गावकऱ्यांस बोलावून मुलांनी आपली वही वाचून दाखवावी. भाषणांपेक्षा ते अधिक परिणामकारक होते.

१०. सुटीचे दिवस

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे इयत्ता ५ वीपर्यंत वर्षातील किमान २०० व ६ वी ते ८ वीस किमान २२० दिवस शाळा भरते. ३६५ मधून २०० वजा केल्यास १६५ दिवस उरतात. पेटीची खरी परीक्षा या १६५ दिवसांत होते, आणि पाण्याची सर्वाधिक गरज असणारा मे महिना त्यांतच येतो.

याचा विचार पेटी लावण्यापूर्वी वर्गात व्हावा. दोन मार्ग आहेत. शाळेजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या करून सुटीतील प्रत्येक आठवडा नावानिशी वाटून द्यावा व पालकांची संमती घ्यावी. हे शक्य नसल्यास सुटीपूर्वी दहा-बारा दिवस दाणा रोज थोडा थोडा कमी करीत न्यावा व पेटी धुऊन, वाळवून आत ठेवावी. पक्ष्यांस शेतात व रानात अन्य अन्न असते. हळूहळू बंद केलेल्या पेटीने त्यांचे नुकसान होत नाही. दोन्ही मार्ग योग्यच आहेत. अयोग्य मार्ग एकच : “कोणीतरी टाकील” असे म्हणून पेटी तशीच सोडून जाणे. निदान पाण्याचे परळ तरी उन्हाळाभर भरलेले राहील, अशी व्यवस्था प्रत्येक शाळेने करावी.

मूल्यमापन

वर्षअखेर पेटीचे मूल्यमापन करताना ती किती सुबक झाली किंवा किती जातींचे पक्षी आले, यास फार गुण देऊ नयेत. पुढील प्रश्नांची उत्तरे पाहावीत. वहीतील किती दिवस कोरे राहिले? शून्याच्या नोंदी आहेत काय? साप्ताहिक धुण्याची पाळी किती वेळा चुकली, व ती कोणी भरून काढली? सुटीतील जोड्यांनी आपले आठवडे सांभाळले काय? विद्यार्थी न पाहता निदान पाच पक्ष्यांची चोच व खाण्याची रीत सांगू शकतो काय?

ही उत्तरे समाधानकारक असतील, तर पेटीच्या फळीस थोडा बाक आला तरी हरकत नाही. पुढील वर्षी नवी फळी बसविता येईल. जुनी वही मात्र जपून ठेवावी व नव्या वर्गाच्या स्वाधीन करावी, म्हणजे त्यांची पहिली नोंद कोऱ्या पानावर न होता आधीच्या मुलांच्या शेवटच्या नोंदीखाली होईल.